बीट वही

गेटच्या डाव्या खांबाला, मीटरच्या पेटीखाली,
दुधाच्या पिशवीत गुंडाळून एक वही टांगलेली असते.
रात्री केव्हातरी फटफटी थांबते.
बॅटरी दातात धरून हवालदार इरण्णा मसरे
वेळ टाकतात, सही करतात, जातात.
एक दहा. दोन पंचेचाळीस.
सकाळी मी ती चाळतो. सही पसरट असली
की कुत्री मागं लागली होती असं धरतो.

मी या वसाहतीचा सेक्रेटरी.
तेहतीस वर्षं गिरणीच्या टाइम ऑफिसात होतो,
भोंग्यानंतर आलेल्यांची मिनिटं कापायचो.
गिरणी गेली. हात तसाच राहिला.
फलक मीच रंगवून घेतला. पेंटर अक्षरावर पैसे घेतो,
म्हणून आमचे नियम आखूड:
नळाला मोटर नको.
भाडेकरू आठ दिवसांत ठाण्यात नोंदवा.
गड्ड्याचे पाहुणे, गाडी बाहेर.
दहानंतर माग बंद.

बेचाळीस नंबरात राजमणी चिप्पा आली,
दोन माग, एक शाळकरी पोरगा, टॉवेलच्या सुताची पोती.
मराठी बोलते, लिहीत नाही; फॉर्म मीच भरला.
ओळखणारे दोन इसम?
एकात माझं नाव टाकलं.
कायमचा पत्ता?
"मिल चाळ, खोली एकशे अठरा."
ती चाळ पडली केव्हाच. तिथं लग्नाचा हॉल आहे आता,
दारात बंद पडलेलं कारंजं.
मला ठाऊक, तिलाही.
मी लिहिलं.
फोटो चिकटवताना म्हणाली,
"आमच्या नान्नाचा अर्धा दिवस कापलेला तुम्ही. व्यंकय्या.
तिकीट दोन हजार दोनशे सोळा."
रागानं नाही. डिंक कुठाय, विचारावं तसं.

ठाण्यात शिक्का बसला.
पुढं दीड महिना काहीच नाही.

मग सतरा नंबरच्या बिराजदारांनी
रात्री अकरा वीसला एकशे बारा फिरवला. माग.
मसरे आले, बेचाळीसच्या दारात वाकून उभे राहिले,
वहीत लिहिलं: समज दिली.
खटखट थांबली.
मी पलंगावर. पंखा वरून गरम वारा ढकलतोय
आणि माझेच कान
कशाची तरी वाट बघत बसलेत.

दुसऱ्या दिवशी मसऱ्यांना चहाला थांबवलं.
"चूक तर आहेच की ओ," ते म्हणाले. "नियम म्हणजे नियम.
माझी आई विड्या वळायची. मांडीवर सूप, पहाटे तीनपर्यंत.
विडीला आवाज नाही,
म्हणून तिचा नियम नाही."
पेल्यात बिस्किट तुटून पडलं
ते त्यांनी बोटानं काढलं, खाल्लं.

राजमणीची ऑर्डर रविवारची होती.
बिराजदारांचं पंक्चरचं दुकान होटगी रोडला.
मी जाऊन जुने टायर मागितले.
"कशाला ओ?"
"मागाच्या पायाखाली."
बराच वेळ ते ट्यूबमधले बुडबुडे बघत राहिले.
मग पोराला म्हणाले, "दे बे चार.
ट्रकचे दे. स्कूटरचे काय कामाचे."

शनिवारी दहानंतर माग लागला.
आता आवाज जमिनीतून येत होता,
दाढेच्या ठणक्यासारखा, फक्त ज्याचा त्याला.
मी उठलो, चप्पल न घालता गेटपर्यंत गेलो, वही सोडवली.
सेक्रेटरीनं तिच्यात लिहायचं नसतं.
लिहिलं: बारा पन्नास. बेचाळीस, माग चालू. तक्रार नाही.

सकाळी खाली दुसरी ओळ होती:
दोन पाच. ऐकू आला नाही. मसरे.

फलकावर तो नियम अजून आहे.
पेंटर म्हणतो,
पुसायचेही पैसे अक्षरावर.